सरासरी

घाटंजीहून येणारी एसटी माणकडोहला थांबत नाही,
हळू होते.
आधी माझी वळकटी उतरली, मग मी,
मग कंडक्टरनं खिडकीतून फेकलेली छत्री.

फाटकाशी उरकुडे सर उभे होते.
"या. मागचे सर दसऱ्यालाच गेले,"
म्हणाले, आणि खोलीची किल्ली दिली.
त्या खोलीत पूर्वी शाळेचे तांदूळ ठेवत.
अजून ठेवतात.
एका भिंतीला पोती, दुसऱ्या भिंतीला मी,
मधे उंदरांची वहिवाट.

चिपळूणच्या टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
परक्यांचे आवाज परक्यांना जोडून दिले.
इथं स्वतःच्या लेकीचा आवाज ऐकायला
पाण्याच्या टाकीच्या बावीस पायऱ्या चढते,
"हो, जेवले. हो, झोप लागते," एवढं बोलते
आणि खाली पाहते तर
अर्धी नववी मान वर करून ऐकते आहे.

भाषा माझीच, तरी पाय अडखळतो.
पार्बताबाईंनी विचारलं, "भाजीत सांबार टाकू का?"
मी म्हटलं, नको, कोरडीच बरी.
आठ दिवस कोथिंबिरीवाचून जेवले.
एक पोरगं लंगडत आलं, "मॅडम, टोंगळा फुटला."
मी त्याच्या हातात काय फुटलंय ते शोधत राहिले.
त्यानं बिचाऱ्यानं गुडघा पुढं केला.

त्यांचंही माझ्यापायी अडतंच.
उदाहरणात मी होडी घातली,
प्रवाहाच्या दिशेनं ताशी आठ किलोमीटर.
बिरजू कोडापे म्हणाला,
"नाल्यात होडी कोन चालवते जी?"
दुसऱ्या दिवशी होडीची बंडी केली, उतारावर ताशी चार.
"चार कायची येते! बैल कोनाचे हायेत?"
तासभर गावातल्या बैलांची वंशावळ निघाली.
गणित राहून गेलं.
मला मात्र अकरा बैलांची नावं पाठ झाली.

मग तो डबा सापडला.
शेवटच्या बाकाच्या कप्प्यात, दंतमंजनाचा,
आत चिंचोके आणि दहा चिठ्ठ्या.
वर्गाच्या माना खाली.
शेवटी बिरजूच बोलला,
"मॅडम किती हप्ते टिकते, थे लावलं होतं."

रागावणार होते. घसा साफही केला.
पण हातात खडू होता,
आणि धडा नेमका सरासरीचा.
फळ्यावर लिहीत गेले:
दोन, तीन, तीन, चार,
पाच, सहा, आठ, दहा.
तेराची चिठ्ठी उरकुडे सरांच्या पोराची,
दसऱ्याचा हिशेब घरूनच आणलेला.
बेरीज चौपन्न. भागिले नऊ.
"सहा!" वर्ग एका आवाजात ओरडला
आणि एकदम गप्प झाला.
सातवा आठवडा चालू होता.

दहावी चिठ्ठी कोरी.
मागं फक्त नाव, शेवंता टेकाम.
हिला कुठं धरायचं?
शून्य मानलं तर सहाचे पाच पूर्णांक चार होतात.
वगळलं तर ती खेळलीच नाही म्हणायचं,
आणि तिचे पाच चिंचोके तर डब्यात आहेत.
शेवंता उभी राहिली, बाकाची कड खरवडत म्हणाली,
"आकडा लिवून पाह्यला, मॅडम.
मंग खोडला. मंग दुसरा कागद घेतला."

घंटा झाली. खिचडीच्या वासामागं
ताटल्या वाजवत सगळी पळाली.
फळा पुसायचा राहिला.
माझाही एक आकडा होता,
तो मी बेरजेत धरला नव्हता:
पाकिटात गणपतीला घरी जायचं तिकीट,
नुसतं जायचं.

रात्री टाकीवर चढले.
लेकीला म्हटलं, "येण्याचंही काढून ठेव गं."
"येण्याचं म्हणजे," ती म्हणाली,
"कुठं येण्याचं, आई?"
मी खाली पाहिलं.
अंधारात कुणी तरी कुणाला तरी
"चूप रे, ऐकू दे," म्हणत होतं.