शेवटचा नळ

स्टेंट बसला. गुंडेली डॉक्टर म्हणाल्या, "मेन लाइन मोकळी."
पडद्यावर काळी धार सरळ धावताना
मलाही दिसली.
बाहेर बायकोनं पेढ्यांचं विचारलंसुद्धा.

पण बाईंनी तार काढली नाही.
केसाएवढी तार, टोकाला गार-गरम कळणारी.
गार सलाइनची पिचकारी मारली,
खालपर्यंत पोचायला किती वेळ लागला, मोजला.
पुन्हा. पुन्हा.

एकतीस वर्षं मी पाण्याच्या चाव्या फिरवल्या,
अशोक चौक ते विडी घरकुल,
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
टाकी काठोकाठ, बारा इंची लाइन धडधडतेय,
आणि शेवटच्या बोळात कोंड्याल मावशी
तंबाखूच्या हातानं नळ धरून:
"आलं का रे, सिद्रामा?"
नळ नुसता फुसफुसायचा.
साहेब नकाशावर बोट ठेवून सांगायचे, पाणी सोडलंय.
सोडलंय ओ. पोचलंय कुठं?

म्हणून टेबलावर आडवा मीच विचारलं,
"टेलला काय हाल?"
बाई मास्कमागं जरा थांबल्या.
"अडथळा बेचाळीस. चाळिसाच्या आत हवा होता.
बारीक नळ्या आहेत, तिथं स्टेंट जात नाही."
"म्हणजे?"
"म्हणजे गोळ्या चुकवायच्या नाहीत. महिन्यानं यायचं.
आणि पेढे... थोडे थांबू द्या."

रात्री अडीचला सवयीनं जाग आली.
डावा कान उशीवर.
आत, पार टोकाला, हंडे मांडल्याचा आवाज.
चावी माझ्याकडं नाही.
मावशी, म्हटलं, झोपू नकोस इतक्यात.