दोन बाय दोन बाय चार

बावीस वर्षं मी जाळ्या बसवतोय,
गोरेगावपासून मढपर्यंत.
डासांसाठी, कबुतरांसाठी,
रांगत्या पोरांसाठी ग्रिल.
आतलं आत, बाहेरचं बाहेर,
एवढंच माझं काम.

ऑर्लेमच्या कार्मेलिन रिबेलोबाईंनी माप दिलं :
दोन बाय दोन बाय चार फूट, चारी बाजूंनी जाळी.
काच नको म्हणाल्या, काचेत हवा नासते.
मी विचारलं, पक्षी?
त्या म्हणाल्या, सरडा.
आणि तो होताच तिथं, खुर्चीच्या पाठीवर,
एक डोळा माझ्यावर, एक पंख्यावर.
नाव पास्कल. मूळ गाव येमेन.
चौथ्या मजल्यावरच्या पोरानं हौसेनं घेतलेला,
दोन महिन्यांत नकोसा झालेला,
कागद आता बाईंच्या नावावर.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
तिसरीपासून पाठ.
कुंपण घालणाऱ्याचं मात्र त्या म्हणीत कुठं नाव नाही.

पाऊण इंची सेक्शन कापला.
जाळी काळी घेतली,
काळीतून नजर पलीकडे जाते,
पांढरी आधी स्वतःच दिसते.
कोपरे घासले, कानशीनं, मग पॉलिशपेपरनं.
एरवी कोण घासतं?
खिडकीला कुठं बोटं असतात.
याची बोटं म्हणजे पकड :
दोन इकडं, तीन तिकडं,
हार्डवेअरच्या दुकानातून आणून पायाला लावल्यासारखी.

तळाला ट्रे, ट्रेला भोक, भोकाला नळी, नळीखाली बादली.
विटांचे तुकडे, कोळसा, वर लाल माती.
मधे जास्वंद, कडेनं मनीप्लांट.
सोसायटीनं छाटलेल्या पेरूच्या फांद्या
बाईंनी आठवडाभर गच्चीवर वाळवलेल्या.
मी त्या सरळ बसवत होतो, सवयीनं, लेव्हल लावून.
तिरक्या लावा हो पांचाळ, म्हणाल्या,
झाड कधी लेव्हल बघतं?

वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटत नाही.
साचलेलं दिसतच नाही त्याला,
पानावरून घरंगळणारा थेंब लागतो.
बाईंनी कपाटातून सलाइनचा सेट काढला, सीलबंद.
“मम्मीचा. हा लागलाच नाही.”
बाटली पडद्याच्या दांडीला टांगली,
चाकावर अंगठा ठेवला,
मनगटावरच्या घड्याळात बघत पुटपुटल्या :
मिनिटाला वीस.
तीस वर्षं वॉर्डात काढलेला अंगठा तो.
खोलीत कुणी आजारी नव्हतं,
तरी मी हळू बोलू लागलो.

आत सोडला तसा पास्कल काळवंडला.
मला वाटलं, जाळीचा रंग घेतोय, लपतोय.
नाही, बाई म्हणाल्या, घाबरलाय.
लपायला नाही, सांगायला रंग बदलतो तो.
आम्ही जन्मभर ज्याला त्याला सरडा म्हणत आलो,
आणि हा बिचारा
मनातलं कातडीवर घेऊन उघडा फिरत होता.

तासभर थांबलो, बिल न मागता.
पाय उचलायचा, हवेत झुलवायचा,
ठेवू का नको, ठेवू का नको,
पंखा बंद, तरी वाऱ्यावर हलल्यासारखा.
जास्वंदीच्या टोकाशी थेंब फुगला.
त्यानं तोंड उघडलं, सावकाश,
आणि थेंब चावला.

मग राहिली कडी.
आजवर प्रत्येक खिडकीची मी आतून बसवली.
हात आपोआप आतच गेला होता,
ड्रिलचं टोकही टेकलं होतं.
बाई काही बोलल्या नाहीत.
मी हात बाहेर काढला.
बाहेरून बसवली, तेल घातलं,
लावताना आवाज नको व्हायला.

रात्री साडेनऊला फोटो आला :
फांदीच्या शेंड्याला, शेपटी गुंडाळून,
फिकट पोपटी, जवळजवळ पांढरा.
खाली लिहिलेलं :
झोपला. उरलेले अठराशे उद्या न्या.