पॅटर्नवाल्याची पट्टी

उद्यमनगरात माझ्या टेबलावर दोन पट्ट्या असतात.
एक साधी, कुठल्याही दुकानात मिळते ती.
दुसरी पॅटर्नवाल्याची, जरा लांब,
मीटरमागं दहा मिलिमीटर.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.
नव्या पोराला हे पटत नाही.
दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघत बसतो,
आकडा आकड्यापासून सरकत जातो तसतसा अस्वस्थ होतो.
“मामा, ह्यातली खरी कुठली?”

वासंतीला हैदराबादला सोडायला गेलो तेव्हा
सगळी रात्र एस्टी होती.
सोलापूरला चहा, उमरग्याला पंक्चर,
जहिराबादच्या अलीकडं उजाडलं.
साडेपाचशे किलोमीटर, कंडक्टर म्हणाला.
माझ्या गुडघ्यांनी जास्त भरले.

आता म्हणे एक तास दहा मिनिटं.
तिनंच सांगितलं फोनवर, हसत,
“तुम्ही शाहू नाक्याला अडकाल, बाबा,
तेवढ्यात मी उतरलेली असेन.”

मी अडकलो नाही.
अर्धा तास आधीच उजळाईवाडीत जाळीबाहेर उभा,
हँडलला दुसरं हेल्मेट,
तिचंच, कॉलेजातलं, आतला स्पंज उंदरानं कुरतडलेला.
श्रावण. ढग इतके खाली
की गोकुळ शिरगावची एक चिमणी अर्ध्यातच संपली होती.

मग आवाज आला.
दिसलं काहीच नाही.
आवाज डोक्यावरनं गेला, कणेरीकडं वळला,
गेला म्हणेस्तोवर परत आला.
रिक्षावाले मुल्लाभाई सीटवरनं वाकून म्हणाले,
“घिरट्या घालतंय. खालचं काय दिसंना झालंय त्याला.”
तीनदा.
मी मान वर करून मनातल्या मनात पट्टी लावली.
किती असेल वर? दोन किलोमीटर? तीन?
इथनं माझं वर्कशॉप ह्याहून लांब.
तीन वर्षांत एवढ्या जवळ ती कधी आली नव्हती.
मी हात केला. ढगाला.
मुल्लाभाईंनी दुसरीकडं बघितलं.

चौथ्यांदा आवाज आला नाही.
पूर्वेकडं बारीक होत गेला,
रंधा लांबच्या शेडमध्ये चालावा तसा.

फोन आला तेव्हा वर्कशॉपात दिवे लागले होते.
“बाबा, उतरले.”
कुठं?
“हैदराबादला. बसले तिथंच.”
किती वेळ लागला, मी विचारलं.
जन्म माप विचारण्यात गेला, दुसरं सुचत नाही.
“तीन तास.”
अंतर विचारलं नाही.

तिनं आपणहून सांगितलं,
ढग एकदाच फाटला होता, खाली तळं दिसलं,
कडेला एक लाल एस्टी,
मग सगळं मिटलं.
“रंकाळा असेल ना?”
“कळंबा,” मी म्हटलं, “रंकाळा त्या अंगाला येत नाही.”
खरं तर मला ठाऊक नाही.
वरनं मी गाव कधी बघितलंय?

उद्या पंपाच्या बॉडीचा पॅटर्न द्यायचाय.
पोरगं गेलंय घरी.
लांबची पट्टी ओढली, कानावरची पेन्सिल काढली,
सागवानावर पहिली रेघ.
शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते म्हणाली,
एस्टीनं.
हेल्मेट अजून हँडललाच आहे.
असू दे.