पहाटे साडेचारचा जबाब

नाव पुरसो. वय एकोणसत्तर.
धंदा: शिरोड्याच्या मानशीवर
फळ्या घालणं, काढणं.
'रात्रभर जेटीच्या रस्त्यावर बसलात.
राग सरकारवर की देशावर?'

पुरसो पायावरचा सुकला चिखल खरवडतो.
साहेब, खाजनात खेकडे बांध पोखरतात.
बांधावरून रोज चालणाऱ्यालाच
भोक आधी दिसतं.
तो बोंब मारतो.
तेव्हा कुणी विचारत नाही
हा शेताचा की खाडीचा.

लिहून घेणारा शिपाई थांबतो.
त्याच्या डब्यात कोरगुटाची पेज,
याच बांधाआडची.
'देश' खोडून तो 'बांध' लिहितो,
तेही खोडतो.

पुरसो उठतो.
आज अमावास्या. पाचला भरती लागेल,
फळ्या घालायच्यात.
सोडता,
की कंदील धरायला येता?