पिवळा डबा, दीड इंची कुंचला

पालिकेनं दिला एक डबा पिवळा रंग,
दीड इंची कुंचला,
आणि एक नकाशा, ज्यात मांडवी
कुणीतरी टाकून दिलेल्या निळ्या सुतळीसारखी.
आल्तिनोच्या उतारावरून मळ्यातल्या झरीपाशी,
तिथून खाडीच्या काठानं पाट्टोच्या खारफुटीपर्यंत
बाण काढत जायचं.
रविवारी लोक चालायला येतील, साहेब म्हणाले,
निसर्ग बघायला. बाण नसला तर कसा सापडेल?
साहेब हसले होते की नव्हते, आठवत नाही.

झाडांवर काढू नका, हा नियम.
म्हणून पहिला बाण जांभ्यावर.
जांभा रंग पितो.
तीन हात दिले तरी तहानलेलाच,
दुपारपर्यंत बाणाचं नुसतं टोक उरलं.

सोबत रोहिदास, रोजंदारीवरचा, सत्तरीतला.
म्हणाला, आमच्या रानात बाण नसतात,
जाणारा माणूस झुडपाची फांदी अर्धी मोडून ठेवतो.
मोडलेलं टोक जिकडे झुकलं, तिकडे घर.
आणि दोन फांद्या मोडलेल्या दिसल्या तर?
तर एक गवा असतो, म्हणाला,
आणि डबा या हातातून त्या हातात घेतला.

मळ्यात पायऱ्यांवर क्लावदिना बसलेली,
मांडीवर कोळंबीचं ताट, सोललेली कमी, टरफलं जास्त.
हो बाण खंय वता?
न्हंयेर, मी म्हणालो.
न्हंय थंयच आसा. तिका बाण कित्याक?
मग हनुवटीनं डावीकडे दाखवलं:
नकाशातली गल्ली चुकीची आहे.
खरी वाट फणसाच्या मागून,
एक्केचाळीस पायऱ्या, तिनं मोजलेल्या,
डोक्यावर ओल्या कपड्यांचा पिळा असताना
मोजल्याशिवाय उतरता येत नसे.
आम्ही गेलो. गेस्टहाऊसचं यंत्र तोंडावर गरम वारा सोडत होतं.
अडतीस भरल्या.
परत येऊन सांगितलं, तर कोळंबी सोलतच म्हणाली,
तीन सिमेंटाखाली आहेत. त्याही धर.

धरल्या. नकाशावर खोडून बाण तिकडून नेले.
साहेबांना अजून कळलेलं नाही.

खारफुटीत लाकडी पूल.
खाली ओहोटीचा चिखल, चकचकीत,
आणि त्यावर निवट्या, अर्धी मासळी अर्धा विचार,
पोटावर सरकत पाण्याकडे जाणाऱ्या, मग नको म्हणून मागे.
वरून महामार्ग घरंगळत होता सतत.
रोहिदास एकाएकी उकिडवा बसला:
चिखलात पाच बोटांचे ठसे, मध्ये ओढलेल्या शेपटीची रेघ.
ऊद, म्हणाला. रात्री येऊन गेला.
इथं? बसस्टँडच्या मागे?
तो काही बोलला नाही. रेघ जिकडे गेली
तिकडे बराच वेळ बघत राहिला,
आणि मला वाटलं, चोडणहून पोहत आला असेल,
फेरीबोटीची वाट न बघता,
कसिनोंच्या दिव्यांखालून, नाक तेवढं वर ठेवून.

पुलाच्या शेवटी कठडा. नकाशात लिहिलंय, समाप्त.
समाप्तीसाठी काय काढायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.
कुंचला घेऊन उभा राहिलो, तेवढ्यात
रोहिदासच्या पायानं डबा कलला,
रंगाची एक तार फळ्यांतून खाली.
दोघंही ओणवे झालो, चोरासारखे.
चिखलात रुपयाएवढा पिवळा डाग,
आणि कडेला एक खेकडा, एक नांगी अंगापेक्षा मोठी,
ती आता टोकाशी पिवळी.
त्यानं ती उचलली. खाली घेतली. पुन्हा उचलली.
मग तिरका चालत बिळात गेला.

रंग पाण्यानं जात नाही, डब्यावर तसं लिहिलंय.
ते मला रात्री आठवलं.

रविवारी अकरा जण आले.
एकानं शौचालय विचारलं,
दोघींनी बाणाशेजारी फोटो काढले,
एक मुलगा पायऱ्या मोटेमोट्यानं मोजत उतरला
आणि खाली क्लावदिनानं त्याला अडवून
त्याचा आकडा दुरुस्त केला.

मी ओहोटीची वेळ बघून जातो हल्ली.
कठड्यावर अजून काहीच काढलेलं नाही.
खाली शेकडो नांग्या वरखाली,
सगळ्या चिखलाच्या रंगाच्या.