सही

तेहतीस वर्षं नोटांवरचे आकडे तपासले,
नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
एक अंक तिरका गेला की अख्खा ताव बाजूला.
माझ्या टेबलावरून चूक कधी बाहेर गेली नाही
असं मीच म्हणते. दुसऱ्यांनी म्हणू नये, नजर लागते.

आता सकाळी सात, संध्याकाळी सात
मांडीवर फौजदार.
साडेसहा किलोचा बोका, उरलाय चार.
भांडंभर पाणी प्यायचा, मग बादलीत तोंड घालायचा,
आणि मोरीत त्याच्या जागेवर मुंग्यांची रांग.
निदान मुंग्यांनी केलं.
डॉक्टर आहिरराव मॅडमनी नंतर कागदावर लिहिलं.

आधी कान ऊन करायचा.
जुन्या पायमोज्यात तांदूळ, तव्यावर शेकून.
कडेला शीर असते, दोऱ्याएवढी.
पहिल्यांदा टोचलं तर रक्त येत नाही,
दुसऱ्यांदा येतं ते केसांत जिरतं,
तिसऱ्यांदा तो कपाटावर
आणि बावीस रुपयांची पट्टी वाया.
कधी मशीन आकडा सांगतच नाही,
नुसतं म्हणतं: हाय.
हे म्हणाले, कुणाची लागली असेल.

सिरिंजवर एकेक युनिटची रेघ. मला हवं दीड.
दोन रेघांमधली ती जागा
मी चष्मा लावून बल्बकडे धरते,
नोट धरायचे तशी.

ह्यांनाही साखर आहे. अकरा वर्षं.
पाय मोकळे करायला म्हणून बिटकोपर्यंत जातात
आणि मिशीला पाक घेऊन परततात.
एकदा म्हणाले, माझी कधी इतकी मोजलीस?
मी म्हटलं, तुम्हाला तोंड आहे, त्याला सांगता येत नाही.
त्यावर काही बोलले नाहीत.
मिशी पुसली.

संक्रांतीनंतरचा मंगळवार. थंडी अशी
की फरशीवर पाय ठेववेना.
मी बाजारातून आले सव्वासातला,
पिशवी खाली ठेवली, दीड टोचलं.
ह्यांनी सातलाच टोचलं होतं.
पहिल्यांदाच, एकट्यानं, मला बरं वाटावं म्हणून.
सांगायचं राहिलं, बातम्या लागल्या होत्या.

अकराला फौजदार दाराच्या चौकटीवर आपटला.
पुन्हा उठला, पुन्हा आपटला.
चौतीस.

मॅडम फोनवर म्हणाल्या, हिरडीला गोड चोळा,
दर पंधरा मिनिटांनी मोजा, झोपू नका.
मधाच्या बाटलीत मध नव्हता.
मी साखरेचा डबा शोधतेय, तो मीच कुठे लपवलाय आठवत नाही,
तेवढ्यात हे देवघरापाशी वाकले,
उदबत्त्यांच्या पुड्यामागून एक बरणी काढली.
गुळांबा. गेल्या वर्षीचा. निम्मा संपलेला.
माझ्याकडे न बघता झाकण उघडून दिलं.

मग स्वयंपाकघराच्या फरशीवर, एका रगाखाली तिघं.
मी पाकाचं बोट हिरडीवर फिरवत होते,
हे घड्याळ बघत होते आणि आकडे वाचत होते.
एक्केचाळीस. अडतीस. बावन्न.
अडतीसला ह्यांचा आवाज फुटला,
तो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.
एकोणसत्तर. एकशे चार.
पहाटे प्रेसचा भोंगा झाला तेव्हा
फौजदार गुरगुरला, माझं बोट चावला,
आणि वाडग्याकडे गेला.

त्या दिवशी मी वही आखली.
तारीख, वेळ, आकडा, किती दिलं, सही.
सही झाल्याशिवाय सुई टाकायची नाही.
ह्यांची सही अजून बँकेतल्यासारखी, खाली दोन टिंबं.

परवा एक ओळ जास्तीची दिसली.
सकाळ, उपाशीपोटी, दोनशे अठरा.
फौजदारचा वरच्या ओळीत होता, एकशे साठ.
किती दिलं? रिकामं.
सही होती, टिंबांसकट.

मी वही उजेडाकडे धरली.
आकडा खरा होता.
काही बोलले नाही. सात वाजायला चार मिनिटं होती,
आणि फौजदार कपाटावर.