मानशीची वाट

रात्रीचे अडीच. चोडणच्या धक्क्यावर फेरीबोट बांधून घातलेली,
आणि भौंसाच्या कचेरीत, खताच्या पोत्यांना टेकून
मी अजून त्याच ओळीवर.

सतरा मानशी. प्रत्येकीच्या खांबाला एक सेन्सर.
पडद्यावर पाण्याची उंची यायला हवी,
तर सतराच्या सतरा जागी एकच शब्द:
प्रलंबित.
(बांधाचा आमचा दावा
अठ्ठावीस वर्षं कोर्टात हाच शब्द नेसून बसलाय.)

चूक माझीच. विचारलं आणि थांबले नाही.
सेन्सरनं वचन दिलं होतं, उत्तर नव्हे,
मी ते वचनच नोंदवहीत लिहून मोकळी.
उसने देतो म्हणाला कुणी, की लगेच
पिशवी घेऊन बाजाराला निघावं, तसं.

त्याआधीची आवृत्ती उलटी चुकायची.
पहिल्या मानशीला विचारायचं, गप्प उभं राहायचं,
ती बोलली की दुसरीला, मग तिसरीला.
सातवीची बॅटरी मेलेली. तिथंच सगळं थिजायचं,
आणि तोवर सतरावीतून खारं पाणी आत,
कोरगूटही सोसणार नाही इतकं.

रुझार मानशेकार बाकावर पागेर सांधत होता.
"दार कधी भरतीची वाट बघत उभं असतं का, बाय?
ओहोटीला पाणी आतनं ढकलतं, उघडतं.
भरतीला नदी भायरनं ढकलते, मिटतं.
मधल्या वेळात मी झोपतो, जाळं सांधतो.
दोन चेडवांची लग्नं केली ह्याच मधल्या वेळात.
अमावास्येला मात्र उठून बघतो."

मग मी सतराही जणींना एकाच दमात विचारलं.
जी बोलेल तिचं तेव्हाच ऐकायचं.
जी गप्प, तिला आठ सेकंदांनी सोडायचं
आणि नावापुढे खरं ते लिहायचं:
माहीत नाही.

दुसरं दुखणं तक्त्यांचं.
शेतं एकात, बांध दुसऱ्यात, पोंयी तिसऱ्यात,
कोण कुणाला पाणी देतं ते चौथ्यात.
हा बांध फुटला तर कुणाचं बुडेल,
एवढं विचारायला तक्त्याला तक्ता शिवत बसायचं,
चौथ्या टाक्याला यंत्राला धाप.
तक्ते मोडले. ठिपके काढले, ठिपक्यांमधे रेघा.
एस्तेर्फिनाच्या शेतातलं पाणी
उमाकांत शेटकाराच्या शेतातून येतं.
दोघं अठरा वर्षं बोलत नाहीत.
पण रेघ आहे.

पहिल्याच धावेला प्रश्न गरगरत सुटला:
नदीतून मानशीत, मानशीतून पोंयीत, शेतात,
शेतातून परत मानशीत, परत नदीत, परत
पाण्याला कुठं आठवतं, आपण इथून गेलो होतो.
त्याला ठिपक्या-ठिपक्यावर खूण ठेवायला शिकवलं:
इथं येऊन झालं.

रेघेला नाव द्यायचं राहिलं होतं. 'वाट' लिहिलं.
आणि वर, थांबायच्या ओळीशेजारी
माझंच जुनं टिपण: 'इथं वाट पाहा'.
दोन्हींकडे बराच वेळ नुसती बघत राहिले.
हा शब्द मी जन्मभर वापरला,
कधी उघडून पाहिला नव्हता.

पावणेचारला ओहोट लागली.
आकडे आले, रांगेनं नव्हे:
बारावी, तिसरी, मग एकदम पाच जणी,
सगळ्यात शेवटी पहिली, दम खात.
सातवी: माहीत नाही.

रुझारनं पागेर बाजूला ठेवलं.
"सातवी हांव पळयतां," म्हणाला,
अनवाणीच बाहेर पडला.
खिडकीतून त्याची टॉर्च दिसत होती,
बांधावरून, कुठं हलत, कुठं थबकत,
बरोबर माझ्या रेघेवरून.

नकाशावर त्याचा ठिपका काढायचा
माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.